नासर्डीच्या वाळूतले साबुदाणे

नासर्डीकाठची | ९ जून

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सावकाश वाचा.

मृगाच्या आधीच दोन दिवस वळीव झोडपून गेला. रविवारी सकाळी मी नाशिकच्या आगरटाकळीला गेले, जिथे नासर्डी गोदावरीला मिळते. कागदोपत्री ती आता नंदिनी आहे, पण माझ्या तोंडात नासर्डीच बसलीय. काठावर नेहमीचंच चित्र होतं. झुडपांना लटकलेल्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एक चप्पल. त्याचे फोटो आपण सगळेच टाकतो आणि सगळेच हळहळतो. मी मात्र ओल्या वाळूशी उकिडवी बसले, कारण वाळूत पांढरं काहीतरी चमकत होतं. जवळून पाहिलं तर साबुदाणा. निदान तसं वाटलं. बोटाने दाबला तर दबेना, नखाने टोचला तर टोचेना.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. जवळ डबा होताच, सोबत मुलगी होती. वीतभर लांब, वीतभर रुंद जागेतली वरची दोन बोटं जाडीची वाळू स्टीलच्या डब्यात भरून आणली. ताटात पसरली, वरून सुती पंचा टाकला आणि उन्हात वाळवली. मग खडे मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलं. लिटरला साधारण साडेतीनशे ग्रॅम लागतं. असं पाणी साध्या पाण्याच्या १.२ पट जड होतं. त्यात वाळू ढवळून रात्रभर ठेवली. वाळू खाली बसते आणि हलकं प्लॅस्टिक वर येतं.

सकाळी वर आलेला तवंग कॉफी गाळायच्या कागदावर घेतला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. साबुदाण्यासारखे दाणे निघाले अकरा. थर्माकोलचे मणी होते. चंदेरी कागदाचे कपटे होते, एका बाजूला चकाकी आणि दुसऱ्या बाजूला दुधी. आणि धागे. निळे, काळे, एक गडद गुलाबी. केसाहून बारीक, एकमेकांत गुंतलेले. ते मोजायचे मी सोडून दिले. खात्री करायला सुई गॅसवर तापवून एकेकाला टेकवली. काडी-पान असेल तर जळतं, प्लॅस्टिक आक्रसतं आणि वितळतं. गुलाबी धागा सुई टेकताच वळवळल्यासारखा गोळा झाला. मुलगी म्हणाली, "आई, हा माझ्या स्वेटरचा रंग आहे." तिच्याच स्वेटरचा नसेल, पण कुणाच्या तरी स्वेटरचा असणारच.

हेही सांगते की या पद्धतीत सगळं सापडत नाही. पाण्याच्या बाटलीचं पेट, पाइपांचं पीव्हीसी आणि पॉलिएस्टर मिठाच्या पाण्यापेक्षाही जड असतं, ते वाळूबरोबर खालीच बसतं. म्हणजे मला दिसलं ते कमीच होतं.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणाला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. २००४ साली ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी हा शब्द वापरला आणि तेव्हापासून तो रूढ झाला. काही कण मुळातच लहान तयार होतात, काही मोठ्या वस्तूंचा चुरा होऊन. पिशवी हाताने उचलता येते. चुरा झाला की ना महापालिका उचलू शकते, ना आपण. म्हणून मला ते अकरा दाणे छळतायत. ते कशाचा चुरा नाहीत, सगळे एकसारखे गोल आहेत. कुठून आले असतील?

---

अंबड_मोल्डर | ९ जून

ताई, फोटो पाहिल्या पाहिल्या ओळखले. तो आमचा दाणा आहे.

मी २२ वर्षं अंबडच्या कारखान्यात मोल्डिंगमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून साच्यात वस्तू काढायच्या कामात आहे. कच्चा माल पंचवीस किलोच्या गोणीत येतो, त्याला सगळे दाणाच म्हणतात. गोणी ब्लेडने फाडून हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात ओततात. ओतताना मूठभर सांडतोच. गोणी ट्रकमधून उतरवताना हुक लागून फाटते, तेव्हा तर विचारूच नका. खाली पडलेला दाणा परत वापरत नाहीत. त्यात माती, लोखंडाचा बुरा गेला की नोझल चोक होतं, पार्टवर काळे ठिपके येतात आणि माल रिजेक्ट. मग झाडूवाला तो दाराबाहेर लोटतो. दाराबाहेर पावसाळी गटार, गटार नाल्याला, नाला नासर्डीला. रनर, म्हणजे साच्यात वस्तूसोबत निघणारी उरलेली काडी, दळतो त्या ग्राइंडरचा भुसा तर दाण्यापेक्षा बारीक. वाऱ्यानेसुद्धा उडतो.

कुणी मुद्दाम नदीत टाकत नाही. पण कुणी बघतही नाही. मी स्वतः किती वेळा तो ढीग ओलांडून गेलोय, आज वाईट वाटतंय.

---

पंचवटी_जुनं_घर | १० जून

माझं वय ७१. आम्ही नदीला गोदावरी कधी म्हणत नसू, गंगाच. "गंगेवर जाऊन येतो" एवढंच. लहानपणी रामकुंडावर दिवा सोडायचा तो पळसाच्या पानाच्या द्रोणात. फुलवात, चार झेंडूच्या पाकळ्या. तो गाडगे महाराज पुलाखालून दिसेनासा झाला की आई हात जोडायची. द्रोण कुजायचा, मासे पाकळ्या टोचायचे.

आता द्रोण चंदेरी कागदाचा. ताईंना सापडलेले कपटे, एका बाजूला चकाकी असलेले, ते त्याचेच असावेत असं मला वाटतं. या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पाण्यात दोन दिवसांत पुठ्ठा विरघळतो आणि चमकणारा पापुद्रा सुटून राहतो. दिवे विकणाऱ्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबा, पानाचा द्रोण आणून देणारी म्हातारी गेली, तिच्या पोरांनी धंदा सोडला." त्यांना काय बोलणार?

आणखी एक. आनंदवल्लीपासून खाली पाणवेली माजतात. त्यांच्या मुळ्यांत थर्माकोल अडकतं. पाणवेल यंत्राने ओढून काढतात तेव्हा त्या थर्माकोलचा भुगा पाण्यावर पसरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पाणवेल निघते, भुगा राहतो.

---

गोदापार्क_सकाळी | १० जून

संक्रांतीनंतर झाडांवर लटकणारा नायलॉन मांजाही यात धरा. बंदी आहे तरी दरवर्षी पक्षी अडकतात. तोच मांजा उन्हाने ठिसूळ होऊन पावसात तुटून पडतो.

---

मैला_ते_पाणी | १० जून

सांडपाणी प्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. धाग्यांबद्दल दोन शब्द.

प्लिमथ विद्यापीठाच्याच २०१६ च्या अभ्यासात सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून किती तंतू सुटतात ते मोजलं होतं. अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम लोकरीच्या कपड्यांतून सात लाखांवर निघाले. पॉलिएस्टर-कॉटन मिश्र कापडातून त्यापेक्षा बरेच कमी, पण तेही लाखाच्या वरच. आता एका सोसायटीत रोज किती मशीन लागतात ते मनात आणा. गंगेच्या, म्हणजे उत्तरेतल्या गंगेच्या पाण्याचा एक अभ्यास २०२१ साली आला. त्यातही सापडलेल्या कणांपैकी दहात नऊ धागेच होते.

तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी अशी आपली मलनिस्सारण केंद्रं आहेत. ती बांधली मैला आणि सेंद्रिय घाण काढायला. आत येणारं पाणी आधी जाळीतून जातं, पण त्या जाळीची भोकं मिलिमीटरमध्ये मोजायची. तंतू त्यातून आरामात निसटतो. तरी बरेचसे कण पुढे गाळाबरोबर बसतात. चांगल्या चालणाऱ्या केंद्रात नव्वद टक्क्यांहून जास्त. ऐकायला छान वाटतं. पण बसतात म्हणजे नाहीसे होत नाहीत, ते गाळात असतात. गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकला की तिथून पावसाने पुन्हा ओढ्यात. आणि जो नाला केंद्रापर्यंत पोचतच नाही, थेट नदीत पडतो, त्याचं काय बोलायचं. नासर्डीवर असे नाले मी चालत फिरून पाहिलेत. माझ्या मते तंतू अडवायची खरी जागा प्रक्रिया केंद्र नाही, घर आहे.

---

दोन_पोरांची_आई | १० जून

मग आम्ही करायचं काय? शाळेचे युनिफॉर्म पॉलिएस्टरचे, नवऱ्याचे ड्रायफिट, माझ्या साड्या जॉर्जेट. सुती परवडत नाही आणि इस्त्रीला वेळ नाही.

---

मैला_ते_पाणी | १० जून

@दोन_पोरांची_आई, कपडे बदलू नका, धुणं बदला. मशीन पूर्ण भरूनच लावा, अर्धवट भरलेल्यात कपडे जास्त घासले जातात. गार पाणी, लहान सायकल. जॅकेट-स्वेटर प्रत्येक वापरानंतर धुवायची गरज नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीनच्या जाळीत जो राखाडी लगदा जमतो, तो नळाखाली धुऊन काढू नका. आपण सगळे तेच करतो. बोटाने काढा, वाळू द्या, घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या मशीनना तंतू अडवणारी गाळणी लावायची तरतूद केली. आपल्याकडे तो कायदा येईल तेव्हा येईल, लगदा आजच वाचवता येतो.

---

दोन_पोरांची_आई | १० जून

आत्ता जाळी काढून पाहिली. मुठीएवढा निघाला. इतकी वर्षं मी तो मोरीत धूत होते. धन्यवाद, खरंच.

---

मळेकरी_गिरणारे | ११ जून

रामराम. सगळं वाचलं. आमच्या बाजूचंही ऐका.

टोमॅटोला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद लागतो. तण येत नाही, पाणी वाचतं, त्याशिवाय आता परवडतच नाही. तो पेपर पंचवीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पीक संपल्यावर उचलायला गेलं की हातात चिंध्या येतात. चार मजूर दोन दिवस लावून गोळा केला तर भंगारवाला घेत नाही. म्हणतो, माती लागलीय, वजनात निम्मी माती आहे. मग काय? कोणी बांधावर पेटवतो, धूर गावभर. कोणी तसाच रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरचं माती भुसभुशीत करणारं अवजार मारतो. मी खोटं बोलणार नाही, दोन हंगाम मी रोटाव्हेटर मारलाय. आज माझ्या वावरात ढेकूळ फोडलं की आत चंदेरी-काळे तुकडे दिसतात. जोडीला टोमॅटो बांधायची प्लॅस्टिक सुतळी, ठिबकच्या फाटक्या नळ्या. पाऊस झाला की हे ओहोळाने खाली येतं. आमचे ओहोळ गोदावरीलाच मिळतात.

जाड पेपर महाग पडतो, पण तो अख्खा निघतो. यंदा एक एकर जाडावर करून बघतोय. बाजार समितीच्या आवारात जुना पेपर माती झटकून घ्यायची सोय झाली, तर आमच्या गावातले निम्मे लोक आणून टाकतील, हे मी लिहून देतो. रिकामी गाडी तशीही क्रेट आणायला येतेच.

---

नासर्डीकाठची | ११ जून

दादा, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून हात जोडते. मी आणलेल्या वाळूत काळे पातळ तुकडे होते, ते मी पिशवीचे समजले होते. परत बघते.

---

कॉलेजरोडवरून | ११ जून

माफ करा, पण एक शंका. प्लॅस्टिकबंदी २०१८ पासून आहे. २०२२ पासून केंद्राचीही आहे. मग बंदी असताना हे सगळं येतं कुठून?

---

नासर्डीकाठची | ११ जून

प्रश्न रास्त आहे. राज्याची बंदी मार्च २०१८ मध्ये आली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काड्या, स्ट्रॉ, प्लेट, चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या आणि पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी असं ठरलं. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि भंगारवाला ती उचलतो, हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबरच आहे. पण या यादीत दाणा नाही. कपड्यांचे तंतू नाहीत. टायरची झीज नाही. मल्चिंग पेपर नाही. आणि जे बंद झालं, ते बुधवारच्या बाजारात अजून हातात मिळतंच. तुम्ही-आम्हीच मागून घेतो.

टायरचं मी आधी लिहिलं नव्हतं. द्वारका सर्कलला दिवसभर गाड्या ब्रेक मारतात, ते रबर रस्त्यावर घासतं आणि पहिल्या पावसात धुऊन जातं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस पडला की कोहो जातीचे सालमन मासे ओढ्यांत मरून पडायचे. कारण टायरमधल्या एका रसायनात आहे, हे २०२० मध्ये शोधलं गेलं. आपल्या नदीतल्या माशांवर टायरचा काय परिणाम होतो, हे बघायला हवं असं मला फार वाटतं.

---

डॉक्टर_सिडको | १२ जून

आरोग्याविषयी व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काही फिरतं, म्हणून नेमकं सांगतो.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण मिळाले. मार्च २०२४ मध्ये इटलीतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेतल्या रक्तवाहिनीतली चरबीची गाठ शस्त्रक्रियेने काढलेले २५७ रुग्ण त्यात होते. सुमारे ५८ टक्के रुग्णांच्या गाठीत पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लॅस्टिक सापडलं, आणि ज्यांच्यात सापडलं त्यांना पुढच्या जवळपास तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. मात्र यावरून प्लॅस्टिकनेच झटका आला असं सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्याविषयी म्हटलं होतं की तेव्हाच्या पातळीला धोका असल्याचा पुरेसा पुरावा नाही, पण अभ्यास वाढवायला हवा. तेव्हापासून पुरावा वाढतोच आहे.

रुग्ण विचारतात, घाबरू का? मी सांगतो, घाबरू नका, पण गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेऊ नका. हे आजपासून बंद करता येतं.

---

निफाड_नांदूर | १३ जून

तुम्ही सगळे नाशिकमध्ये उभे राहून बोलताय, मी खालून बोलतोय.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा जिथे आहे, तिथे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. पाणी थबकतं. थबकलेलं पाणी आपल्याजवळचं सगळं खाली ठेवतं, गाळही आणि प्लॅस्टिकही. म्हणूनच इथे चिखल झाला, बेटं झाली, पाणथळ झाली, पक्षी आले. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आमच्या या जागेची नोंद झाली, त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. हिवाळ्यात बदकं चिखलात चोच खुपसून चाळतात, ताई जसं मिठाच्या पाण्यात चाळतात तसंच. चोचीत काय जातं ते त्यांना कळत नाही.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आजूबाजूच्या नद्यांचा एक अभ्यास २०१८ साली आला होता, तो मी मुद्दाम मिळवून वाचला. नदीच्या तळातल्या वाळूत आधी कण मोजले. मग हिवाळ्यात पूर आले. पुरानंतर पुन्हा मोजले, तर तळातले सुमारे ७० टक्के कण वाहून गेले होते. म्हणजे नदीचा तळ ही कोठी आहे आणि पूर आला की ती कोठी रिकामी होते. नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की टीव्हीवर बातमी येते. ज्या दिवशी तुम्ही अहिल्याबाई होळकर पुलावर पाणी बघायला जाता, त्या दिवशी तुमची वर्षभराची कोठी आमच्याकडे यायला निघालेली असते. २०१९ च्या ऑगस्टात पूर ओसरल्यावर आमच्या उसात जे उरलं होतं, ते मी विसरणार नाही. मोठं ते वेचलं. बारीक मातीत गेलं. आमच्या पुढे जायकवाडी, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या नळांना पाणी जातं.

म्हणून कळकळीने सांगतो. गणपतीनंतरची नदीसफाई चांगली आहे, पण ती पुरानंतरची आहे. तोवर निघून गेलेलं असतं. सफाई मेमध्ये करा, आणि घाटावर नको, नाल्यांच्या तोंडाशी करा.

---

नासर्डीकाठची | १३ जून

हे मला सुचलंच नव्हतं. मी कायम घाट डोळ्यासमोर ठेवून विचार करत होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची कामं चालू आहेत, सगळ्यांचं लक्ष रामकुंडावर आणि तपोवनावर आहे. लाखो लोक येतील, ते दिवे सोडतीलच, सोडूही देत. पण त्यांच्या हातात पानाचा द्रोण द्यायचा असेल तर तो बनवणारे हात आत्तापासून शोधायला हवेत. पळस त्र्यंबक-पेठ पट्ट्यात भरपूर आहे. काका, त्या दिवेवाल्या बाईंना घेऊन एकदा भेटूया का?

---

पंचवटी_जुनं_घर | १३ जून

केव्हाही. संध्याकाळी पाच ते सात मी घाटावरच असतो.

---

अंबड_मोल्डर | २१ जून

उशिरा आलो, कारण करून मग लिहायचं ठरवलं होतं.

मालकांशी बोललो. ते म्हणाले, खर्च किती? मी म्हटलं, शून्य. शॉपच्या, म्हणजे कारखान्याच्या बाहेरच्या गटारात एका कोपऱ्यात सिमेंटचा बुटका उंबरा घातला आणि त्यावर पीठ चाळायच्या चाळणीची स्टीलची जाळी दोन थर करून बसवली. मोठा पाऊस आला तर पाणी वरून निघून जाईल एवढी उंची ठेवली, नाहीतर शॉपमध्ये पाणी शिरेल. हॉपरखाली पत्र्याचा ट्रे ठेवला. ट्रेमधला दाणा स्वच्छ राहतो, तो परत हॉपरमध्ये. झाडूवाल्या मावशींना सांगितलं, बाहेर लोटायचं नाही, डब्यात टाका.

आज जाळी उपसली. दहा दिवसांचा माल, माती धुऊन वाळवून वजन केलं तर पाऊण किलो भरला. एका किलोत असे हजारो दाणे असतात. हा फक्त आमच्या एका शॉपचा, आणि आमचं शॉप लहान आहे. शेजारच्या गाळ्यातला फोरमन बघायला आला होता. त्याला उरलेली जाळी दिली.

ताई, तुमच्या अकरा दाण्यांतले दोन-तीन मला बघायला मिळतील का? आमचा दाणा किंचित निळसर झाक मारतो. आमचेच असतील तर मला कळेल.

---

नासर्डीकाठची | २१ जून

रविवारी सकाळी सात वाजता आगरटाकळीला या. डबी घेऊन येते, भिंगही. सोबत तुमच्या जाळीतला मूठभर दाणा आणा, शेजारी ठेवून बघू. पाऊस उघडला तर परत तेवढीच वीतभर वाळू काढायची आहे.